न तडतडलेली मोहरी

माझ्या सासूबाईंचा, म्हणजे अक्कांचा, या जगात कुणावरही विश्वास नव्हता. देवावर होता असं म्हणायची पद्धत आहे. पण देवळात दिलेला नारळ मागच्या दाराने पुन्हा दुकानात जातो अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्या घरूनच नारळ फोडून नेत. राम घाटावर स्नानाला गेल्या की चपला काठावर ठेवत नसत. पदरात बांधून तशाच पाण्यात उतरत आणि मग चपला भिजल्या म्हणून नदीला बोल लावत घरी येत. दूधवाला, धोबी, नळाचं पाणी, रेडिओवरच्या बातम्या, सगळं त्यांच्या लेखी लबाड. मी लग्न होऊन देवासहून उज्जैनला आले तेव्हा माहेरच्या डब्यातले लाडू त्यांनी एकेक फोडून आत काय आहे ते पाहिलं होतं. बेसनच होतं. तरी त्यांनी दोन दिवस कुणाला खाऊ दिले नाहीत.

त्यांच्या या स्वभावाचा सगळ्यात जास्त ताप कुणी सोसला असेल तर तो माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळे तात्या म्हणत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या दरबारी चाकरीतलं. तात्याही ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत, उज्जैनच्या एका सरकारी बंगल्याच्या बागेवर देखरेखीला होते. हिवाळ्यात त्या बागेत विलायती फुलांचे ताटवे फुलायचे आणि त्यातलं तात्यांचं लाडकं फूल म्हणजे कँडीटफ्ट. वीतभर उंचीचं रोप, वर बारीक पांढऱ्या फुलांचा चपटा झुबका. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांनी ते असं लावलं होतं की बघणाऱ्याला चुना ओढल्यासारखं वाटावं. मला त्यांचा सहवास जेमतेम वर्षभर मिळाला, पण तेवढ्यात या फुलाबद्दल मी इतकं ऐकलं की मनात मी त्याला धाकटी जाऊच म्हणायला लागले होते.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत झाला. बंगल्यात नवे साहेब आले. अधिक धान्य पिकवायचे ते दिवस होते. साहेबांनी ताटवे खणून तिथे कोबी नि मुळा लावायचा हुकूम दिला. तात्यांनी लावला. पुढच्या थंडीत कोबीच्या वाफ्यांतून जमिनीत पडलेलं कँडीटफ्ट आपलं आपण उगवून आलं आणि माळ्यांनी ते तण म्हणून खुरप्याने काढलं. तात्यांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. मोहरी, मुळा, कोबी आणि हे फूल, सगळी एकाच घरची, ते म्हणाले. कोवळेपणी कुणाचं कोण ते ओळखू येत नाही, मोठं झाल्यावर मात्र एकाला ताटात जागा मिळते आणि एकाला उकिरड्यावर. बंगल्यामागे विहिरीपाशी कुणी फिरकत नसे. तिथे मूठभर बी टाकून तात्यांनी ते फूल शेवटपर्यंत जगवलं, आणि रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसायचे.

रोज संध्याकाळी नवरा कुठे जातो? अक्कांना याचं एकच उत्तर सुचत होतं. एकदा तर त्या टांगा करून मागोमाग गेल्या. तात्या विहिरीमागे एकटेच उकिडवे बसलेले दिसले. बाई दिसली नाही, म्हणजे ती लपली असणार, असं ठरवून त्या परत आल्या.

हे मला अक्कांनीच सांगितलं, नवऱ्यावर नजर कशी ठेवायची याचा धडा म्हणून. त्याच धड्यात आणखी एक गोष्ट होती. अक्कांच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तात्या ओल्या रुमालात गुंडाळून त्या पांढऱ्या फुलांचा एक गुच्छ घरी घेऊन आले होते. अक्कांनी तो हातातही घेतला नाही. "कुणासाठी तोडली होतीत? तिने घेतली नाहीत वाटतं," असं विचारलं. तात्यांनी गुच्छ देवापुढच्या तांब्यात ठेवला आणि नंतर कधीच फुलं आणली नाहीत. "बघ, चोरी पकडली की माणूस सुधारतो," अक्का मला म्हणाल्या. मला इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

त्रेपन्नच्या पावसाळ्यात तात्या गेले.

आमच्या घरामागे अंगण, अंगणाच्या टोकाला एक खोली, आणि तिच्या शेजारून मागची भिंत. भिंतीपलीकडे गल्लीचं गटार. त्या खोलीत ईश्वरीबाई आणि तिचा नवरा परसराम राहायचे. सिंधमधल्या शिकारपूरहून सगळं सोडून आलेली माणसं. अठ्ठेचाळीस साली तात्यांनी त्यांना खोली दिली तेव्हापासून अक्कांचा त्याला विरोध होता. परसराम उज्जैनमधल्याच देवास गेटपाशी बटणं, रिबिनी, सुया विकायचा. तोंडात शब्द नाही असा माणूस. तोंड होतं ते ईश्वरीबाईला. ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. अक्कांनी अंगणात एक बोललं की ती दोन बोलायची, अक्का मराठीत आणि ती हिंदीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजायचं. मला ती आवडायची. आमच्या घरात अक्कांना उलट उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे मला तिचा मोठा आधार होता.

छप्पन सालच्या श्रावणात मला मुलगा झाला, जयू. दिवाळी होते न होते तोच मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला आणि माझे यजमान, श्रीकांत, यांचं ऑफिस भोपाळला गेलं. घरात उरल्या अक्का, मी आणि तीन महिन्यांचा जयू. अक्कांचा भोपाळवरही विश्वास नव्हता. इतक्यात त्यांना नीट दिसेनासंही झालं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण ते त्या कबूल करत नसत. नवं राज्य झाल्यापासून विजेला जोर राहिला नाही, असं त्या म्हणायच्या. भर दुपारी सुई ओवता आली नाही तेव्हाही त्यांनी बल्बालाच दोष दिला.

जयू चिडचिडा होता. सारखा रडायचा, मधूनच अंग तापायचं. अक्कांनी निदान केलं, दृष्ट लागली. कुणाची, तेही त्यांना ठाऊक होतं. ईश्वरीबाईला मूलबाळ नव्हतं आणि ती जयूला उचलून घ्यायची.

आमच्याकडे दृष्टीची मोहरी स्वयंपाकाच्या डब्यातली घेत नाहीत, वेगळी ठेवतात. ती संपली होती. बाजारातली आणायला अक्का तयार नव्हत्या, कारण फ्रीगंजच्या दुकानदाराने जयूकडे पाहून "बड़ा प्यारा है" म्हटलं होतं. मग देवाच्या कपाटात खालच्या खणात त्यांना तात्यांची एक पितळी डबी सापडली. फडक्यात बांधलेली, आत कडुलिंबाची वाळलेली पानं आणि तांबूस दाणे. बोटांना ती मोहरी जरा चपटी लागली. जुनी आहे, सुकली असेल, अक्का म्हणाल्या. पण यांनी एवढी जपून ठेवली म्हणजे चांगलीच असणार. तात्यांवर त्यांनी काहीही न विचारता ठेवलेला विश्वास माझ्या माहितीत एवढाच.

शनिवारी तिन्हीसांजेला त्यांनी जयूवरून मीठ आणि मोहरी उतरवली आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकली. मीठ तडतडलं. मोहरी नाही. ती नुसतीच काळी पडून धुमसत राहिली. अक्कांचा चेहरा उतरला. मोहरी तडतडत नाही म्हणजे दृष्ट साधी नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. अशा वेळी मोहरी जाळायची नसते, घराबाहेर टाकायची असते, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी. टाकून मागे वळून पाहायचं नाही, आणि घरातल्या कुणी टाकणाऱ्याकडेही पाहायचं नाही. त्यानंतर प्रत्येक शनिवारी अक्का मुठीत मोहरी घेऊन भिंत चाचपडत अंगणाच्या टोकाला जात, भिंतीपलीकडच्या गटारात ती भिरकावून देत आणि मान खाली घालून परत येत. मी दाराकडे पाठ करून जयूला मांडीवर घेऊन बसलेली असे.

कार्तिक संपता संपता एका सकाळी ईश्वरीबाईचा आवाज अंगणात चढला. तिच्या खिडकीखाली, भिंतीच्या कडेला, जोडजोड पानांची हिरवी रोपं उगवली होती. राईची रोपं, ती म्हणत होती, आणि ती आपोआप उगवत नसतात. कुणीतरी तिच्या दारात मंतरलेली राई टाकली होती. अक्का चाचपडत तिथे गेल्या, खाली वाकल्या, एक पान बोटांत धरलं आणि झटकन सोडलं. मोहरीच. पण ती ईश्वरीबाईने पेरली होती, जयूसाठी, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"आपने ही डाला है," ईश्वरीबाई म्हणाली.

मी भीतभीत अक्कांना विचारलं, तुम्ही शनिवारी टाकता ती तर नसेल? त्यांनी मला एका वाक्यात गप्प केलं. त्या टाकतात ती गटारात जाते, आणि उतरलेली मोहरी मेलेली असते, ती उगवत नाही. मला हे पटलं नाही. पण ती कुठे पडते हे पाहणारं घरात कुणीच नव्हतं, पाहायचंच नव्हतं ना.

मग त्या रोपांना हात कोण लावणार? अक्का लावेनात, अंगाला काही होईल म्हणून. ईश्वरीबाई लावेना, त्याच कारणासाठी. झाडूवालीलाही दोघींनी वेगवेगळं बजावलं, तिकडे फिरकायचं नाही. ईश्वरीबाईच्या भांड्यांचं पाणी भिंतीकडेच्या नालीतून त्या रोपांवरून वाहायचं, वर्षानुवर्षं तसंच वाहत होतं. अक्कांना आता त्यात नवा पुरावा दिसला. ती त्याला पाणी घालून राहिली आहे, त्या मला कुजबुजून सांगायच्या. आणि दोघींच्या भीतीच्या पहाऱ्यात रोपं आपली मजेत वाढत होती.

पौषात जयूला जोराचा ताप भरला. दुपारची वेळ, श्रीकांत भोपाळला, अक्का देवापुढे बसून होत्या आणि मी पोराला कवटाळून बसले होते. ईश्वरीबाईने पोराच्या कपाळाला हात लावला, चपलाही न घालता फ्रीगंजपर्यंत धावत गेली आणि डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आली. जयू बरा झाला. अक्का म्हणाल्या, जिने दुखणं लावलं तिलाच उतारा ठाऊक असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याशी भांडले. त्याचा परिणाम एवढाच झाला की त्यांनी माझ्याकडेही संशयाने पाहायला सुरुवात केली. हिने सुनेलाही वश केलं, असं म्हणून त्यांनी परसरामला बोलावून सांगितलं की होळीच्या आत खोली खाली करायची.

संक्रांतीला श्रीकांत येऊन गेले. आईपुढे दोन वाक्यं बोलले, तिसरं गिळलं आणि भोपाळची गाडी पकडली. परसरामने गावाबाहेर एक पत्र्याची शेड पाहून ठेवली. तिथे पाणी नव्हतं, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं हे माळव्यात कुणाला सांगायला नको. मी ईश्वरीबाईला म्हटलं, मी अक्कांशी पुन्हा बोलते. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "रहने दो. वहां से निकले तब भी किसी ने नहीं बताया था कि कसूर क्या है."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

वसंत पंचमी होऊन गेली होती. ईश्वरीबाईने अंगणात रजया पसरून बोचकी बांधायला घेतली होती. मी जयूला उन्हात घेऊन बसले होते आणि सहज नजर भिंतीकडे गेली. रोपांना फुलं आली होती. पांढरी. बारीक फुलांचे चपटे झुबके, चुन्यासारखे पांढरे.

मोहरीला पिवळं फूल येतं. हे मला ठाऊक होतं, ईश्वरीबाईला ठाऊक होतं, आणि अक्कांना तर होतंच. मी त्यांना हाक मारून सांगितलं, अक्का, तुमच्या मोहरीला पांढरी फुलं आलीत. त्या भिंतीला हात लावत आल्या, खाली बसल्या. इतके दिवस ज्याला शिवायलाही भीत होत्या त्या झुबक्यावरून त्यांनी तळहात फिरवला. मग तो नाकाशी नेला.

"यांचं फूल आहे हे," त्या म्हणाल्या. आणि लगेच त्यांचा आवाज पालटला. "म्हणजे ती हीच. विहिरीपाशी. यांनी हिला बी दिलं होतं."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या थंडीतल्या गुच्छाच्या वेळी ईश्वरीबाई शिकारपुरात परकर नेसून खेळत असेल, हे अक्कांना कोण सांगणार? ईश्वरीबाईला मात्र आधी अर्थ कळला नाही, आणि कळला तेव्हा ती बोचकं सोडून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता या दोघी एकमेकींच्या झिंज्या धरणार असं मला वाटलं. पण माझं लक्ष त्या रोपांकडे होतं. कुणी पेरलेली दिसत नव्हती ती, रांग नव्हती. अंगणाच्या बाजूला विरळ, भिंतीच्या पायथ्याशी दाट, मुठीतून भिरकावल्यावर पसरतात तशी. आणि सगळी भिंतीच्या अलीकडे.

मी आत जाऊन दोन डब्या आणल्या, स्वयंपाकाच्या मोहरीची आणि तात्यांची पितळी. अक्कांचा उजवा हात उघडून त्यावर स्वयंपाकाची मोहरी घातली. डाव्यावर पितळी डबीतले दाणे. त्यांनी अंगठ्याने एक दाणा चोळला, मग दुसऱ्या हातावरचा. उजव्या हातातले गोल होते आणि घरंगळत होते. डाव्या हातातले चपटे होते आणि जागेवर बसून राहत होते.

"मैं तो कब से कह रही हूं," ईश्वरीबाई म्हणाली, पण आता तिचा आवाज खाली आला होता.

अक्कांनी डावी मूठ मिटली. तात्यांनी जपून ठेवलेलं ते शेवटचं बी होतं. त्यातलं काही अक्कांनी निखाऱ्यावर जाळलं होतं, उरलेलं शेजारणीच्या नावाने बोटं मोडत फेकलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. मला त्यांची इतकी दया आली की इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

"किती उरलंय डबीत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हातावर आहे तेवढंच.

त्यांनी मूठ तशीच ठेवून ईश्वरीबाई जिथे उभी असावी असं त्यांना वाटलं तिकडे तोंड वळवलं आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "ये पौधे कोई नहीं उखाड़ेगा. इनका बी पकने का है. मेरे को दिखता नहीं. तुम देखोगी."

मला दिसत नाही, हे शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले.

"हमको तो होली से पहले खाली करना है," ईश्वरीबाई म्हणाली. राहा, हे तिला अक्कांच्या तोंडून ऐकायचंच होतं, नुसतं इशाऱ्याने भागणार नव्हतं.

"बी होली के बाद पकता है," अक्का म्हणाल्या. जराशाने पुढे म्हणाल्या, "और अगली सर्दी में बोएगा कौन?"

ईश्वरीबाईने बांधलेली बोचकी सोडायला घेतली, आणि बांधताना वाया गेलेल्या मेहनतीबद्दल सिंधीत बराच वेळ बडबडत राहिली. परसराम संध्याकाळी देवास गेटहून आला तेव्हा रजया पुन्हा खोलीत होत्या. त्याने काय झालं असं विचारलंसुद्धा नाही, तो जेवायला बसला.

पुढच्या शनिवारी जयू पुन्हा किरकिरला. तिन्हीसांजा झाल्या, अक्कांनी मीठ काढून ठेवलं आणि मला हाक मारली. "ईश्वरीकडून मूठभर राई आण," त्या म्हणाल्या. मी पाहत राहिले. ज्या बाईची दृष्ट काढायची तिच्याच घरची मोहरी कुणी मागून आणत नाही. मी गेले. ईश्वरीबाईने माझ्याकडे पाहिलं, डबा काढला आणि मूठभर नाही, वाटीभर राई दिली. अक्कांनी ती निखाऱ्यांवर टाकली. तडतडली, इतकी की जयू दचकून माझ्या मांडीवर रडायला लागला. अक्का म्हणाल्या, तिची राई ताजी असते, कुठून आणते ते विचारून ठेव.

शेगडी विझत आल्यावर त्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. मीही जयूला घेऊन त्यांच्याशेजारी बसले. भिंतीपाशी फुलं तेवढी अंधूक पांढरी दिसत होती. मला दिसत होती, त्यांना नाही. ईश्वरीबाई खोलीत भांडी लावत होती.

"शोभा," त्या म्हणाल्या, "तो पहिला गुच्छ त्यांनी माझ्यासाठीच आणला असेल का गं?"

मी हो म्हटलं. त्यांनी नंतर पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं.